कोमो सरोवरावर तीन रात्री: पैसा कुठे ओतायचा, कुठे हात आखडायचा

कोमोहून हिरमुसून परतणाऱ्यांचे पैसे सहसा कमी पडलेले नसतात. चुकीच्या काठावर खोली घेतलेली असते, ऐन बाराच्या उन्हात बेल्लाजोला उतरलेले असतात, फेरीबोटीच्या रांगेत अर्धी दुपार गेलेली असते आणि तीन रात्रींत दोन हॉटेलं बदललेली असतात. मग पंचतारांकित हॉटेलचं बिल भरूनही आठवण उरते ती बॅगा ओढल्याची. इथली चैन मुख्यतः वेळेची आहे. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, दिवसाच्या सहली आलेल्या नसतात किंवा परतलेल्या असतात, तेव्हा पाण्याच्या काठी असणं हा इथला खरा थाट. पुढचं सगळं नियोजन त्याच हिशेबाने केलेलं आहे.

आधी नकाशा डोक्यात बसवा

गलोल उलटी धरा: दांडा वर, बेचकीची दोन टोकं खाली. हा झाला कोमो सरोवराचा आकार. दांड्याचं वरचं टोक म्हणजे उत्तरेचं कोलिको. खालचं डावं टोक कोमो शहर, उजवं टोक लेक्को. बेचकी जिथे फुटते तिथे नेमकं बेल्लाजो बसलंय. त्याच्या समोर पश्चिम काठावर मेनाज्जो, कादेनाब्ब्या, त्रेमेझ्झो आणि जरा खाली लेन्नो. पूर्व काठावर वारेन्ना. या पट्ट्याला तिथले लोक 'चेंत्रो लागो', म्हणजे मध्य सरोवर म्हणतात. प्रसिद्ध बागा, व्हिला आणि छायाचित्रांत दिसणारे बहुतेक देखावे याच पट्ट्यात आहेत. सरोवर सुमारे १४६ चौरस किलोमीटरचं आणि ४०० मीटरहून खोल. डोंगर थेट पाण्यात उतरतात, त्यामुळे काठाला सपाट जागा फार थोडी. रस्ते अरुंद आणि गावं पायऱ्यांची आहेत, ती म्हणूनच.

नावावरून होणारा पहिला घोटाळा इथेच टाळा. कोमो सरोवराला जायचं म्हणून कोमो शहराचं रेल्वे तिकीट काढलं आणि मुक्काम बेल्लाजोला असला, तर पुढे संथ बोटीने जवळपास दोन तास जातात. मिलानहून थेट वारेन्नाला गेलात तर गाडीतून उतरून दहा मिनिटं चालायचं आणि फेरीने पंधरा मिनिटांत बेल्लाजो.

मुक्काम: एकच, आणि काठ पाहून

तीन रात्रींत हॉटेल बदलू नका. एका बदलात अर्धा दिवस जातो: सकाळी अकराच्या सुमाराला खोली सोडायची, दुपारी तीनला नवी मिळायची, मधल्या वेळात सामान सांभाळत बसायचं. पुढे दिलेल्या प्रत्येक जागेहून बाकीचं सरोवर दिवसभरात पाहून परतता येतं.

काठ ठरवताना सूर्य कुठून येतो ते पाहा. त्रेमेझ्झो-मेनाज्जोच्या बाजूला सकाळचं ऊन थेट बाल्कनीत येतं, समोर बेल्लाजो आणि पलीकडचे डोंगर उजळतात. पण संध्याकाळी पाठीमागचा डोंगर लवकर सावली टाकतो. वारेन्नाला याच्या उलट. तिथे सकाळी ऊन उशिरा पोचतं आणि मावळतीचा सोनेरी उजेड शेवटपर्यंत टिकतो. लवकर उठणाऱ्यांनी पश्चिम काठ घ्यावा, संध्याकाळी ग्लास घेऊन बसणाऱ्यांनी पूर्व. बेल्लाजो मधोमध, बोटींची सोय सर्वांत चांगली, पण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच गावात पाय ठेवायला जागा नसते. कोमोजवळच्या चेर्नोब्ब्यो, मोलत्राझ्यो, ब्लेव्ह्यो, तोर्नो या गावांत काही अव्वल हॉटेलं आहेत आणि विमानतळ जवळ पडतो. मात्र तिथे राहायचं तर बराच वेळ हॉटेलातच काढायची तयारी हवी. रोज मध्य सरोवर गाठायचं म्हटलं की जाण्यायेण्यातच दिवस संपतो.

नावाजलेली हॉटेलं मोजकीच. चेर्नोब्ब्योचं व्हिला देस्ते १५६८ सालच्या वाड्यात आहे आणि १८७३पासून हॉटेल म्हणून चालतं. त्याचा पाण्यावर तरंगणारा पोहण्याचा तलाव प्रसिद्ध आहे. बेल्लाजोचं ग्रँड हॉटेल व्हिला सेर्बेल्लोनी हेही जुन्या थाटाचं. ग्रँड हॉटेल त्रेमेझ्झो १९१०चं. मोलत्राझ्योचं पास्सालाक्वा २०२२ला उघडलं आणि २०२३मध्ये जगातल्या पन्नास उत्तम हॉटेलांच्या यादीत पहिलं आलं. जुना दिमाख नको, आधुनिक साधेपणा हवा, त्यांच्यासाठी तोर्नोचं इल सेरेनो. हंगामात या वर्गात एका रात्रीला हजार युरोच्या खाली खोली क्वचितच मिळते आणि वरच्या आकड्याला मर्यादा नाही. चांगलं चार तारांकित हॉटेल साधारण ३०० ते ५०० युरोत मिळतं. आमच्या मते पंचतारांकित हॉटेलातल्या मागच्या बाजूच्या खोलीपेक्षा चार तारांकित हॉटेलातली समोरची बाल्कनीवाली खोली केव्हाही सरस.

खोली घेताना 'सरोवराचा देखावा' एवढ्या शब्दांवर विसंबू नका. 'विस्ता लागो फ्रोंताले' म्हणजे सरोवर समोर; 'लातेराले' म्हणजे मान वाकडी करून दिसणारं; बाग किंवा डोंगराचा देखावा म्हणजे बहुधा मागची बाजू. हॉटेलला ई-मेल करून चार गोष्टी लेखी विचारा: बाल्कनीत दोन खुर्च्या बसतात का, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट तिथपर्यंत जाते का, हॉटेल आणि पाणी यांच्यामधून वाहनांचा रस्ता जातो का, आणि धक्क्यापासून सामान कोण आणतं. तिसरा प्रश्न पश्चिम काठासाठी महत्त्वाचा. तिथे किनाऱ्याचा मुख्य रस्ता बऱ्याच ठिकाणी हॉटेल आणि पाणी यांच्या मधूनच जातो. वरच्या मजल्यावर आवाज कमी येतो.

सोबत आई-वडील असतील आणि गुडघ्यांची तक्रार असेल तर बेल्लाजो आणि वारेन्ना दोन्ही जपून घ्या. दोन्ही गावं म्हणजे दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या. कादेनाब्ब्या, त्रेमेझ्झो, मेनाज्जो इथे काठाने बरंच सपाट चालता येतं.

कधी जावं

उत्तम काळ दोन: एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर आणि सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. एप्रिल-मेमध्ये त्रेमेझ्झोच्या व्हिला कार्लोत्ताच्या बागेत अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात. तो बहर पाहायचा असेल तर दुसरा काळ निवडूच नका. सप्टेंबरात पाणी अजून उबदार असतं, वादळं कमी होतात. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा, दुपारनंतर गडगडाटी पाऊस आणि सर्वाधिक दर. १५ ऑगस्टच्या आसपासचा आठवडा इटलीचा सुट्टीचा आठवडा असतो. २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या राष्ट्रीय सुट्ट्यांना लागून शनिवार-रविवार आला की मिलान सगळं सरोवरावर लोटतं.

दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं कोकणी आणि सिंधी पद्धतीचं लग्न इथेच, लेन्नोजवळच्या व्हिला देल बाल्बियानेल्लोत, १४ आणि १५ नोव्हेंबर २०१८ला झालं. तेव्हापासून आपल्याकडच्या अनेकांच्या मनात कोमो आणि नोव्हेंबर यांची जोडी बसली आहे. अख्खा व्हिला भाड्याने घेणाऱ्यांचं ठीक; आपण नोव्हेंबरात गेलो तर बहुतेक मोठी हॉटेलं आणि बागा बंद झालेल्या असतात, फेऱ्या घटलेल्या असतात आणि पाच वाजता अंधार पडतो. नोव्हेंबर ते मार्चमध्यापर्यंत फक्त कोमो शहर धरून जावं.

आठवड्याचे वार तारखेइतकेच महत्त्वाचे. सोमवारी पोहोचून गुरुवारी निघणं सर्वांत सोयीचं: दर कमी, गर्दी कमी. त्यात एक पेच आहे. बाल्बियानेल्लो सर्वसाधारणपणे सोमवारी आणि बुधवारी बंद असतो, म्हणजे त्यासाठी मंगळवार राखून ठेवावा लागतो. तिथे लग्नं होतात, तेव्हा एरवी उघड्या दिवशीही दार बंद असू शकतं. तारीख पक्की करण्याआधी त्यांचं कॅलेंडर पाहा. रेस्टॉरंटंही आठवड्यातून एक दिवस बंद ठेवतात, बहुधा सोमवार ते बुधवारमधला.

व्हिसा आणि सीमा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबईत भेटीची वेळ मिळणं हेच मोठं काम असतं. अडीच-तीन महिने आधी वेळ घ्या. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. विमा किमान ३०,००० युरोचा, शेंगेनमधल्या सगळ्या दिवसांसाठी. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आतला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. व्हिसा हाती येईपर्यंत खोली रद्द करता येणाऱ्या दरातच घ्या. दहा-पंधरा टक्के स्वस्त पडणारा 'परतावा नाही' दर इथे महागात जातो.

१२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचं छायाचित्र नोंदवण्याची नवी पद्धत लागू होऊ लागली आहे. पहिल्या नोंदणीला रांग लागते. दुबई, दोहा, अबुधाबीमार्गे गेलात तर हे काम मिलानला होतं. फ्रँकफर्ट किंवा झुरिकमार्गे गेलात तर तिथेच, जोडविमानाच्या वेळातून. युरोपात विमान बदलत असाल तर मध्ये दोन-अडीच तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका.

विमानतळ ते पाणी

मिलानच्या मालपेन्सा विमानतळाहून कोमो साधारण ५० किलोमीटर. पर्याय तीन.

पहिला, हॉटेलने किंवा खासगी कंपनीने पाठवलेली गाडी. कोमो परिसराला पाऊण ते एक तास, त्रेमेझ्झो, बेल्लाजो किंवा वारेन्नाला वाहतूक धरून सव्वा ते पावणेदोन तास. मध्य सरोवरापर्यंत १८० ते ३०० युरोच्या घरात धरून चला. लांबच्या प्रवासानंतर या पैशाचं चीज होतं, विशेषतः तीन-चार माणसं असतील तर. काही हॉटेलं शेवटचा टप्पा बोटीने करून देतात: कोमोपर्यंत गाडी, पुढे लाकडी बोट. पाण्यावरून हॉटेलच्या धक्क्याला लागणं देखणं खरंच, पण त्या बोटीत दोन मोठ्या बॅगांना जागा आहे का ते आधी विचारा. नसेल तर सामान गाडीने वेगळं पाठवावं लागतं.

दुसरा, रेल्वे. मालपेन्साहून विमानतळाच्या गाडीने मिलानो चेंत्राले या मिलानच्या मुख्य स्थानकावर, तिथून तिरानो किंवा सोंद्रिओकडे जाणारी गाडी, तासाभराहून थोडा जास्त वेळ, आणि उतरायचं वारेन्ना-एसिनो-पेर्लेदो स्थानकावर. फलकावर वारेन्ना शोधत बसू नका. तिथे शेवटच्या स्थानकाचं नाव असतं. डाव्या बाजूच्या खिडकीशी बसा, लेक्कोनंतर पाणी त्याच बाजूला आहे. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळ उठवून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड. परतीचं तिकीट मिलानलाच काढून ठेवा, वारेन्ना अगदी छोटं स्थानक आहे.

इटलीत रेल्वेचे संप नित्याचे असतात आणि बऱ्याचदा शुक्रवारी. 'शोपेरो' हा शब्द दिसला की सावध व्हायचं. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या संपातही सोडाव्या लागतात. परतीचं विमान संपाच्या दिवशी असेल तर त्या वेळा धरा किंवा आदल्या दिवशी गाडी ठरवा.

तिसरा पर्याय भाड्याची मोटार, आणि तीन रात्रींसाठी तो आम्ही सुचवणार नाही. पश्चिम काठाचा रस्ता काही गावांत इतका अरुंद की समोरून बस आली तर एकाला मागे जावं लागतं. पार्किंग मिळत नाही. जुन्या गावठाणांत ठरावीक वेळी बाहेरच्या वाहनांना बंदी असते. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत पुण्या-मुंबईच्या घरी येतो. तरीही गाडी घ्यायचीच असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना सोबत हवा, नुसता भारतीय चालत नाही.

पाणी, वारा आणि बोटी

सरोवरावर दोन वारे वेळापत्रकाने वाहतात. पहाटेपासून सकाळच्या मध्यापर्यंत उत्तरेकडून 'तिव्हानो', आणि दुपारी बाराच्या सुमाराला उलटा, दक्षिणेकडून 'ब्रेव्हा'. ब्रेव्हा चढला की छोट्या बोटीला चांगलेच हादरे बसतात, पाण्याचे शिंतोडे उडतात आणि ज्यांना बोट लागते त्यांची पंचाईत होते. म्हणून खासगी बोट सकाळी दहाच्या आत किंवा ब्रेव्हा ओसरल्यावर संध्याकाळी घ्यायची. दुपारी दोनची वेळ सहज मिळते ती याचमुळे, आणि दर मात्र तोच.

सरकारी बोटसेवेत तीन प्रकार आहेत. 'बात्तेल्लो' ही संथ, उघड्या डेकची बोट. देखावे पाहायला हीच उत्तम. 'सेर्वित्सिओ रापिदो' जलद सेवा, जादा भाडं, आत बंद खिडक्यांशी बसायचं. कोमो ते बेल्लाजो तासाभराच्या आत. 'त्रागेत्तो' म्हणजे मोटारी नेणारी फेरी, ती बेल्लाजो, वारेन्ना, मेनाज्जो आणि कादेनाब्ब्या यांच्यामध्ये फिरते. मोटारींच्या या फेरीत पायी प्रवासीही चढू शकतात, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. बात्तेल्लोची रांग लांबली असेल तर त्रागेत्तोची वेळ पाहा. फक्त बेल्लाजोला तिचा धक्का वेगळा आहे, प्रवासी बोटींच्या धक्क्यापासून काठाने काही मिनिटांवर. चुकीच्या धक्क्यावर उभं राहून समोरून बोट जाताना पाहणारे रोज दिसतात.

मध्य सरोवरातली एक फेरी पाच युरोच्या आसपास. दिवसात चार किंवा जास्त फेऱ्या होणार असतील तर मध्य सरोवराचं दिवसभराचं तिकीट घ्या. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं. गुगलवर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका, धक्क्यावर लावलेल्या तक्त्याचा फोटो काढून ठेवा. त्यात 'फेस्तिवी' म्हणजे रविवार आणि सुट्टीचे दिवस, 'फेरियाली' म्हणजे कामाचे. रात्रीच्या फेऱ्या मोजक्याच असतात. पलीकडच्या गावात जेवायचं ठरवलंत तर आधी शेवटची फेरी पाहा, मग टेबल राखा. ती चुकली तर पाण्यावरची टॅक्सी बोलवावी लागते आणि पंधरा मिनिटांच्या अंतराला जेवणाइतकं बिल होतं.

खासगी लाकडी बोट चालकासह संपूर्ण घेतली तर तासाला २०० ते ३५० युरो. आमच्या मते संपूर्ण सहलीतला हा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च, पण एकदाच आणि दीड ते दोन तास. तासाभरात बेल्लाजोहून निघून व्हिला कार्लोत्ता, बाल्बियानेल्लोचं टोक आणि सरोवरातलं एकमेव बेट कोमाचिना इथपर्यंत फेरा होतो. दोन तास असतील तर दक्षिणेला नेस्सोपर्यंत जा. तिथे घळीतून ओढा कोसळतो आणि जुन्या दगडी कमानीच्या पुलाखालून सरोवराला मिळतो. हा देखावा खरा पाण्यावरूनच दिसतो. ठरवताना विचारा: इंधन आणि कर धरून दर आहे का, दर बोटीचा की माणशी, वादळ आलं तर पैसे परत की दुसरी वेळ. लाग्लिओ गावाजवळ चालक हॉलिवूड अभिनेता जॉर्ज क्लूनीचा व्हिला बोटाने दाखवतोच. त्यासाठी वेगळी 'सेलिब्रिटी सफर' घेण्याची गरज नाही.

स्वतः चालवायची हौस असेल तर इटलीत ४० अश्वशक्तीपर्यंतची बोट परवान्याविना मिळते, वय १८ पूर्ण हवं. तासाला ८० ते १२० युरो, इंधन बहुधा वेगळं, आणि अनामत रक्कम कार्डावर अडकवतात. निघण्याआधी बोटीवरच्या सगळ्या ओरखड्यांचे फोटो काढा. सरकारी बोटींना नेहमी वाट द्यायची, आणि त्यांच्या मागे उठणाऱ्या लाटांना बोटीच्या कडेने नाही, पुढच्या टोकाने तोंड द्यायचं. हे न कळल्यामुळेच बहुतेक जण भिजतात.

तीन दिवसांची घडी

सोमवारी पोहोचलात की काही करू नका. इटली उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे तिथल्या रात्री नऊला शरीराच्या घड्याळात साडेबारा वाजलेले असतात. अंघोळ, काठाने एक चक्कर, लवकर जेवण. त्याचा फायदा दुसऱ्या दिवशी सहाला आपोआप जाग येण्यात मिळतो.

मंगळवारी बाल्बियानेल्लो, दार उघडल्यावरच्या पहिल्या तासात. लेन्नोच्या धक्क्यापासून चढ-उताराची साधारण एक किलोमीटरची पायवाट आहे. चालायचं नसेल तर लेन्नोच्या काठाहून छोटी बोट जाते. तिकिटं दोन प्रकारची: फक्त बाग, किंवा बाग आणि आतला वाडा मार्गदर्शकासह. बहुतेक जण बागेचं घेतात आणि चुकतात. हा व्हिला कार्डिनल दुरिनीने १७८७मध्ये उभारला, पण आतला जीव आहे शेवटच्या मालकाचा, ग्वीदो मोंझिनोचा. १९७१मध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी उत्तर ध्रुव गाठणारा आणि १९७३मध्ये एव्हरेस्टवरच्या पहिल्या इटालियन मोहिमेचं नेतृत्व करणारा हा माणूस. मोहिमांचं सामान, नकाशे, ध्रुवावर नेलेली घसरगाडी असं सगळं वरच्या मजल्यावर आहे. १९८८मध्ये त्याने ही वास्तू वारसा जपणाऱ्या 'फाई' संस्थेला दिली. आतल्या फेरीच्या जागा थोड्या, त्यामुळे हे तिकीट काही आठवडे आधीच ऑनलाइन घ्या. बागेतले प्लेन (चिनार जातीचे) वृक्ष अनेक फांद्यांच्या मेणबत्तीदाणीसारखे छाटलेले असतात. एप्रिलच्या सुरुवातीला ते बोडके दिसतात, तेव्हा हिरमोड करून घेऊ नका.

तिथून परतताना व्हिला कार्लोत्ता. बाग सुमारे आठ हेक्टर, पायऱ्या भरपूर, वेळ दोन तास. आत कानोव्हाचं 'पालामेदेस' हे शिल्प आणि थोरवाल्दसेनची लांबलचक शिल्पपट्टी आहे. पावसाच्या दिवशी इथेच जास्त वेळ काढा. दुपार हॉटेलच्या तलावाकाठी. एवढे पैसे मोजलेल्या हॉटेलात दिवसा न थांबणं हा आपल्या लोकांचा आवडता तोटा आहे.

बुधवारी सकाळी पहिल्यापैकी एका फेरीने बेल्लाजो. साडेआठला सालिता सेर्बेल्लोनीच्या पायऱ्या रिकाम्या असतात, फोटो तेव्हाच. बागा उघडल्यावर काठाने दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटं चालत व्हिला मेल्झी. बाग सपाट आहे, ज्येष्ठांना जमते. गावाच्या उत्तर टोकाला पुंता स्पार्तिव्हेंतो, 'वारा दुभागणारं टोक', जिथे सरोवराच्या तिन्ही शाखा एकदम दिसतात. अकराच्या आत तिथून निघा. दुपार विश्रांतीत काढा आणि चारच्या पुढे वारेन्ना. व्हिला मोनास्तेरोची बाग काठाने जवळपास दोन किलोमीटर लांब पसरली आहे. एन्रिको फर्मीने १९५४मध्ये इथे भौतिकशास्त्राची व्याख्यानं दिली होती. मग पाण्यालगतची 'प्रेमिकांची वाट', आणि मावळतीला तिथल्याच एखाद्या टेबलावर बसणं. दम असेल तर वर वेत्सिओच्या किल्ल्यापर्यंत अर्ध्या तासाची खडी चढण आहे. सिंहगड चढणाऱ्याला ती किरकोळ वाटेल, पण बूट खडबडीत तळाचे हवेत.

बोटीची फेरी मंगळवार किंवा बुधवारच्या संध्याकाळी ठेवा, सगळे पत्ते गुरुवारवर नकोत. गुरुवारचं विमान रात्रीचं असेल आणि कोमोवरून परतत असाल, तर ब्रुनातेची फ्युनिक्युलर, म्हणजे डोंगर चढणारी दोराची रेल्वे घ्या. १८९४पासून चालते, सात मिनिटांत सातशे मीटरवरच्या गावात नेते. खाली कोमोच्या दुओमोजवळ, म्हणजे मुख्य चर्चजवळ, रेशमाची दुकानं आहेत. कोमोचं रेशीम ही या शहराची जुनी ओळख.

जेवणाचं जरा सांभाळून

शाकाहाऱ्यांना इथे उपाशी राहावं लागत नाही, पण फसगत सहज होते. रिझोत्तो बहुतेक वेळा मांसाच्या सारात शिजतो आणि मिलान पद्धतीच्या रिझोत्तोत हाडातली मज्जा असते. पार्मिज्यानो आणि ग्राना पादानो चीजला वासराच्या पोटातलं विरजण लागतं. हे ज्यांना चालत नाही त्यांनी चीज स्पष्टपणे वगळावं. ब्रेझाओला हे सुकवलेलं गोमांस. उलट पिझ्झ्यावर 'पेपेरोनी' वाचून दचकू नका, इटलीत ती ढोबळी मिरची.

खास मागवावं असं शाकाहारी: 'पित्सोक्केरी', कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, बटाटा, कोबी, लसणीचं लोणी आणि भरपूर चीज. शेजारच्या वाल्तेल्लिना खोऱ्यातला हा पदार्थ दोघांत एक पुरतो. 'पोलेंता उन्चा' म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, लोणी आणि चीज घालून. मासे खाणाऱ्यांनी 'पेशे पेर्सिको'चा रिझोत्तो घ्यावा, वर तळलेल्या गोड्या पाण्यातल्या माशाचे तुकडे असतात. सुकटीची सवय असलेल्या कोकणी जिभेने 'मिस्सोल्तिनी' जरूर चाखावं: खारवून, उन्हात वाळवून, दाबून ठेवलेला सरोवरातला मासा, भाजून पोलेंताबरोबर. बाकी पाहुणे वासाने नाकं मुरडतात.

वेटरला सांगायचं ते असं: 'सोनो वेजेतारियानो', बाई असेल तर 'वेजेतारियाना', 'निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, सेंझा ब्रोदो दी कार्ने', म्हणजे मांस नको, मासे नकोत, मांसाचं सार नको. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर 'सेंझा चिपोल्ला, सेंझा आल्यो'. जैन जेवणाची ही विनंती ऐन जेवणाच्या वेळी करू नका, हॉटेलला दोन दिवस आधी लिहा.

स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतात ती संध्याकाळी सातलाच उघडतात. मधल्या वेळेसाठी सुका खाऊ जवळ असू द्या, विशेषतः मुलं असतील तर. बिलात माणशी दोन ते पाच युरो 'कोपेर्तो' लागतो. तो पाव आणि टेबलाचा आकार आहे, फसवणूक नाही, आणि वर दहा टक्के टीप देण्याची सक्ती नाही. पाण्याकाठच्या टेबलासाठी 'इन रीव्हा अल लागो' असं लिहून आरक्षण करा. जुन्या भारदस्त हॉटेलांत रात्री पुरुषांनी जॅकेट घालावं अशी अपेक्षा असू शकते. आधी विचारून घ्या.

हिशेब आणि परत निघताना

दोघांच्या तीन रात्रींचा स्थानिक खर्च मांडताना खोली हाच मोठा आकडा. समोरच्या देखाव्याची चार तारांकित खोली धरली तर १,००० ते १,५००, दोन्ही बाजूंची गाडी ४०० ते ६००, बोट दोन तास ४०० ते ७००, जेवणं ५०० ते ७००, तिकिटं आणि फेऱ्या २०० युरोच्या आत. काटायचंच असेल तर गाडीऐवजी रेल्वे घ्या, दुपारचं जेवण साधं करा. खोलीचा देखावा आणि बोट काटू नका. हॉटेलात निघताना नगरपालिकेचा मुक्काम कर माणशी, रात्रीमागे काही युरो वेगळा भरावा लागतो, आगाऊ पैसे भरलेले असले तरी.

रेशीम किंवा चामड्याची खरेदी एका दुकानात एका बिलात ७० युरोच्या वर गेली तर युरोपबाहेर राहणाऱ्यांना करपरतावा मिळतो. दुकानात पासपोर्ट दाखवून अर्ज घ्या. मालपेन्साला सामान चेक-इन करण्याआधी सीमाशुल्काची नोंद करून घ्यायची, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. स्कार्फ बॅगेच्या तळाशी गेला असेल तर सगळी बॅग तिथेच उपसावी लागते. या रांगेसाठी नेहमीच्या वेळेपेक्षा तासभर जास्त धरा.